खेळातला पेहराव : कोल्हापूरकडून काय घ्यावं?

एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकी कंपनीनं ‘ओब्लिव्हियन’ या रोल-प्लेइंग गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर. घोडा त्यामुळं नटला, एवढंच. खेळणारे भडकले, थट्टा झाली, आणि तरीही ते चिलखत खपलं. गेममधल्या शोभेच्या साहित्याचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण या घोड्यापासून सुरुवात करतो आणि किमतीवर बोलतो. मला खरी उणीव वेगळी वाटते. एकट्यानं खेळायच्या गेममधला तो घोडा होता, त्याला बघणारं कुणी नव्हतं. चिलखत चढवायला निमित्तही नव्हतं. ना सण, ना लढाई, ना मिरवणूक.

कोल्हापूर भागात जनावर नटवायचा दिवस ठरलेला आहे. आषाढात बेंदूर येतो. बैल धुतले जातात, शिंगांना हिंगूळ लागतो, त्यावर बेगड चढतो, टोकांना शेंब्या बसतात. गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. पुरणपोळीचा घास भरवला जातो, संध्याकाळी वाजत-गाजत मिरवणूक निघते, कर तोडण्याचा कार्यक्रम होतो आणि कुणाची जोडी कशी सजली होती याची चर्चा गावात पुढं कितीतरी दिवस चालते. मग झूल घडी घालून ठेवली जाते आणि बैल औताला जातो. त्या झुलीनं बैलाची ताकद तसूभरही वाढत नाही. गेमवाल्यांच्या भाषेत ती निव्वळ कॉस्मेटिक. पण तिच्यात दिवस आहे, घर आहे, बघणारा गाव आहे. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये नवं साहित्य आणताना त्याला व्यक्तिमत्त्व कसं द्यायचं, हा जगभरच्या स्टुडिओंना पडणारा प्रश्न आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर अशा झुलीत, चपलेत, पट्ट्यात शोधता येतं.

आधी जगात काय झालं ते पाहू. ऑनलाइन खेळांत कपड्यांची हौस पहिल्यापासून आहे. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्येही लोक कपडे रंगवून घालत. पण शोभेच्या वस्तूला स्वतःची गोष्ट असू शकते हे ठळकपणे दाखवलं ते व्हॉल्वच्या ‘टीम फोर्ट्रेस २’नं. मे २००९ मध्ये त्यात टोप्या आल्या. वस्तू खेळता खेळता आपोआप मिळत, म्हणून काही जणांनी न खेळताच गेम चालू ठेवणारे बाहेरचे प्रोग्रॅम वापरायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हॉल्वनं त्या लोकांच्या तशा मिळवलेल्या वस्तू काढून घेतल्या आणि बाकी सगळ्यांना डोक्यावर तरंगणारं एक तेजोवलय दिलं. ते वलय म्हणजे प्रामाणिकपणाची पावती होती. लगेच खेळाडूंत दोन तट पडले, वलयवाल्यांना हेरून मारणारे निघाले, वलय अभिमानानं मिरवणारेही निघाले. वस्तू दिसायला अगदी साधी. तिच्याभोवती माणसं कशी वागली, यातून ती लक्षात राहिली.

पुढच्याच वर्षी याच टोप्यांचं दुकान उघडलं. ब्लिझर्डनं एप्रिल २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’साठी पंचवीस डॉलरचा चांदण्यांचा घोडा विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्यांची रांग लागली. त्याच गेममध्ये नोव्हेंबर २०११ मध्ये ‘ट्रान्समॉग’ची सोय आली : ताकद नव्या चिलखताची ठेवायची आणि रूप जुन्या, आवडत्या चिलखताचं घ्यायचं. ‘फायनल फँटसी १४’मध्ये २०१४ साली ‘ग्लॅमर’ नावानं तेच आलं. या सोयीमुळं एक मोठी गोष्ट घडली. तोवर अंगावरच्या कपड्यांवरून खेळाडूचा दर्जा कळत असे. आता त्याची आवड कळू लागली. शंभर लोक शहराच्या चौकात उभे आहेत आणि प्रत्येकानं आपापल्या मनासारखा वेश केलाय, हे दृश्य पाहायला लोक खास त्या गेममध्ये जातात.

व्यक्तिमत्त्वाचा सरळ मार्ग म्हणजे वस्तूला बोलतं करणं. २००० सालच्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये लिलार्कोर नावाची तलवार सापडते, ती मालकाशी सतत बडबडते, लढाईला उतावीळ असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या २०१६ मधल्या ‘लीजन’ भागात झालाटाथ हा खंजीर कानात कुजबुजतो, मालकाला सल्ले देतो, टोमणे मारतो. तो आवाज इतका लोकप्रिय झाला, की पुढं त्या खंजिरातल्या शक्तीला देह मिळाला आणि ती साऱ्या कथेची खलनायिका झाली. हे यश मोठं आहे. पण हा मार्ग खर्चिक आहे आणि लवकर थकवतो. कितीही चांगला संवाद पन्नासदा ऐकला की कान किटतात. शिवाय ऑनलाइन गेममध्ये ती वस्तू हजारो जणांकडे असते, आणि सगळ्यांकडची तलवार एकच वाक्य बोलत असेल तर ती कुणाचीच उरत नाही.

दुसरा मार्ग कमी वापरला गेलाय. वस्तू बोलत नाही, पण तिची एक वागणूक असते. मला या मार्गाबद्दल जास्त आशा आहे, आणि त्यासाठी कोल्हापुरी चप्पल हे उदाहरण मुद्दाम खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे.

एखाद्या परदेशी कलाकाराला ‘कोल्हापुरी चप्पल तयार कर’ म्हटलं तर तो तपकिरी सपाट तळ, अंगठा आणि वरचा पट्टा काढून देईल. तेवढ्यानं चप्पल होते, कोल्हापुरी होत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, दोन बाजूंना सुटे लोंबणारे कान, पट्ट्यावरची बारीक वेणी, मधला गोंडा, कातड्याच्याच वादीनं घातलेली शिवण. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो. कापशीची घडण वेगळी, पुकारी वेगळी, बक्कलनाळी वेगळी. जाणकाराला लांबूनच ओळखू येते. नवी चप्पल पायाला चावते. तिला तेल पाजावं लागतं, घालून घालून ती पायाचा आकार घेते आणि मग ती दुसऱ्याच्या पायात नीट बसत नाही. काही चपलांच्या तळात दोन थरांच्या मध्ये बी घालतात, त्यामुळं चालताना कर्रकर्र वाजते. माणूस दिसायच्या आधी त्याचं येणं कळतं. चालण्यात एक ठेका येतो, खांदे आपोआप मागं जातात.

यातलं गेममध्ये काय काय आणता येईल? रंग आणि आकार हा सगळ्यात सोपा भाग. जुनं होणं हा अवघड आणि मोलाचा. २०१३ पासून ‘काउंटर-स्ट्राइक’च्या बंदुकींच्या स्किनवर, म्हणजे रंगरूपावर, झिजेचं मोजमाप आहे, पण ते जन्मतःच ठरतं, कितीही खेळा, झीज वाढत नाही. त्यामुळं ते फक्त बाजारभाव ठरवण्याच्या कामी येतं. ‘टीम फोर्ट्रेस २’मधली ‘स्ट्रेंज’ हत्यारं मालकानं किती जणांना मारलं याचा हिशेब ठेवतात. चपलेनं त्याच्याही पुढं जावं. किती वाट तुडवली त्यावर कातड्याचा रंग गडद व्हावा, चिखलातून गेली तर डाग राहावा, पावसात भिजवून तशीच टाकली तर कडक व्हावी, तेल लावलं की पुन्हा मऊ. आज विकत घेतलेली आणि वर्षभर वापरलेली चप्पल एकसारखी दिसू नये. जो नियमित खेळतो त्याच्याकडं अशी वस्तू तयार होईल जी दुसरा कुणी पैसे मोजून आणू शकणार नाही.

आवाजाचा प्रश्न नाजूक आहे. ऑनलाइन लढाईत पावलांचा आवाज म्हणजे माहिती. वाजणारी चप्पल घालणारा मरेल, किंवा उलट, बिनआवाजी जोडा घालणारा फुकटचा वरचढ होईल. शोभेच्या वस्तूनं खेळात ढवळाढवळ केल्याचं गाजलेलं उदाहरण ‘कॉल ऑफ ड्यूटी : वॉरझोन’चं आहे. रोझ या पात्राचा एक जवळजवळ पूर्ण काळा पोशाख होता. अंधाऱ्या कोपऱ्यात ते पात्र दिसायचंच नाही, आणि पैसे देऊन घेतलेला पोशाख जिंकायचं साधन झाला. ओरड झाल्यावर २०२१ मध्ये कंपनीला तो उजळ करावा लागला. तेव्हा कर्रकर्र लढाईच्या मैदानात बंद आणि गावात, बाजारात, मंडळींत चालू, असा साधा नियम हवा. तसाही तो आवाज लोकांत मिरवायचाच आहे.

आकृतीचंही तसंच. ‘टीम फोर्ट्रेस २’ बनवणाऱ्यांनी प्रत्येक पात्राची बाह्याकृती अशी घडवली होती, की लांबून सावलीवरून पात्र ओळखता यावं. नंतरच्या शेकडो टोप्यांनी त्या आकृत्या पुसट केल्या, ही जुन्या खेळाडूंची तक्रार रास्त आहे. फेट्याची गंमत अशी, की तो आकृती पुसत नाही, ठळक करतो. तुरा वर, शेमला पाठीवर, सावलीतही कळतं. मात्र शेमला हलला पाहिजे. कापडाची हालचाल मोजायला फोनच्या प्रोसेसरवर ताण येतो, म्हणून पुष्कळ गेममध्ये कापड पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं किंवा पाठीतून आरपार जातं. ताठ शेमल्याचा फेटा दुकानातल्या पुतळ्यावरचा दिसतो. आधी तीन-चार हाडांची साधी साखळी बसवून शेमला डुलवावा, नक्षी नंतर बारीक करावी. कोल्हापुरी साजाला नेमका उलटा न्याय लावावा लागेल. साजाची एकवीस पानं, त्यांत विष्णूचे दहा अवतार आणि अष्टमंगल. ती फोनच्या पडद्यावर ठिपक्याएवढी होणार. तिथं हालचालीवर खर्च न करता पात्र जवळून बघायच्या पडद्यावर एकेक पान उलगडून दाखवावं. मासा, कासव, शंख, नाग यांना तिथं जागा मिळते.

नऊवारीबद्दल तांत्रिक माणसांनी घाबरायचं कारण नाही. पायघोळ झगा पळताना दोन पायांत अडकतो, म्हणून कलाकारांना तो नको असतो. नऊवारीचा काष्टा दोन्ही पायांना वेगवेगळा लपेटलेला असतो. पात्राच्या सांगाड्याला ती विजारीसारखी बसते. नऊवारीत घोड्यावर बसता येतं, लाठी फिरवता येते, हे मर्दानी खेळ करणाऱ्या कोल्हापूरच्या मुली रोज दाखवतात.

त्या मर्दानी खेळातला दांडपट्टा मात्र गेमवाल्यांची परीक्षा पाहील. लवचीक लांब पातं आणि कोपरापर्यंतचा हात झाकणारी लोखंडी मूठ. मूठ मनगटाला जखडते, त्यामुळं वार मनगटातून निघत नाही. तो खांद्यातून, कमरेतून, अख्ख्या अंगाच्या गिरकीतून येतो. गेममध्ये तलवारीचं नवं रूप म्हणून पट्टा दिला आणि हालचाल जुन्या तलवारीचीच ठेवली, तर वस्तादांना ते बघवणार नाही. हालचाल बदलली तर वार लागायची वेळ बदलते आणि पुन्हा न्यायाचा प्रश्न उभा राहतो. यावर मधला रस्ता आहे : वाराची वेळ आणि पल्ला तलवारीइतकाच ठेवायचा, पण वाराच्या आधीचा पवित्रा, नंतरची गिरकी, उभं राहण्याची ढब आणि जिंकल्यावरचे हात पूर्णपणे पट्ट्याचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तो मान पडद्यावर आणायचा तर आखाड्यात जाऊन, लाठी, बोथाटी, फरी-गदका, विटा शिकवणाऱ्या माणसांच्या अंगाला सेन्सर लावून हालचाली टिपाव्या लागतील. चित्रं बघून हे काम होत नाही.

वेश माणसाला बदलतो हे या शहराला नवं नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. ‘सैरंध्री’ १९२० ची, ‘सिंहगड’ १९२३ चा, ‘सावकारी पाश’ १९२५ चा. पौराणिक आणि ऐतिहासिक दिमाख करणाऱ्या त्याच मंडळींनी नंतर नाडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट त्याच्याच कपड्यांत उभी केली. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओनं मावळ्यांचा वेश दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसवला. पात्राचा वेश चित्रकाराच्या नजरेनं ठरवायचा हा धडा इथं शंभर वर्षं जुना आहे.

आता कमावण्याबद्दल. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान १९१२ चं. तिथं मानाची गदा जिंकलेला पैलवान खांद्यावर गदा घेऊन फिरतो तेव्हा ती गदा कुठं विकत मिळते असं कुणी विचारत नाही. पैलवानाचे मोडलेले कान त्याहून मोठी खूण. ते मातीत वर्षानुवर्षं घासल्याशिवाय होत नाहीत आणि काढूनही ठेवता येत नाहीत. प्रत्येक ऑनलाइन गेममध्ये काही वस्तू अशा असाव्यात, ज्यांना किंमतच नसावी. माझ्या मते दुकानातल्या महागड्या पोशाखांनाही मोल येतं ते अशा न विकल्या जाणाऱ्या वस्तू शेजारी असतात म्हणून. जी कंपनी गदाही विकायला काढते ती थोड्या पैशांसाठी सगळा माल हलका करते.

तालमींचं नातं याच्याही पुढचं आहे. कोल्हापूरचा फुटबॉल पेठांतल्या तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा. शाहू स्टेडियमवर केएसए लीगचा सामना असला की संघाची जर्सी घालून अख्खी पेठ लोटते. ती जर्सी घालणारा स्वतःची आवड दाखवत नसतो, तो आपलं ठिकाण सांगत असतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये गिल्डचा, म्हणजे खेळाडूंच्या संघाचा, अंगरखा असतो, त्यावर गिल्ड स्वतःचं चिन्ह बनवतं. आजच्या मोबाइल गेमनी ही सामाईक वस्त्रं मागं टाकून एकेकट्या खेळाडूला चमकवायचा धंदा केला, कारण सामाईक वस्तूवर कमाई कमी. हे मला मोठं नुकसान वाटतं. नवं साहित्य आणणाऱ्यानं पहिल्या खेपेत निदान एक वस्तू अशी द्यावी जी एकट्याला मिळत नाही, साऱ्या तालमीला मिळून मिळते.

भारतात आजवर काय झालं? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. तो ऑनलाइन नव्हे, एकट्यानं खेळायचा आहे, पण त्यातल्या मुलीच्या हातातलं त्रिशूल आणि तिची नटासारखी, डोंबाऱ्यासारखी चपळाई एकमेकांना शोभतात. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये फोनवर आला. त्यात मोरनी, सर-ताज अशी पात्रं आहेत. मोरासारख्या ओळखीच्या प्रतिमा घेऊन त्यांना भविष्यातलं चिलखत चढवलंय. प्रयत्न मनापासूनचा आहे. पण सगळ्या भारताला एकदम ओळखू यावी अशी प्रतिमा निवडली की ती पोस्टाच्या तिकिटासारखी होते. कुणा एका गावाची राहत नाही. परदेशी गेमनी सोपी वाट धरली, ती सिनेमाच्या ताऱ्यांची. ‘फ्री फायर’मध्ये २०२० मध्ये हृतिक रोशनवरून जय हे पात्र आलं, ‘बीजीएमआय’मध्ये २०२३ मध्ये रणवीर सिंग आणि पुढच्या वर्षी दीपिका पदुकोण. चाहत्याला आनंद होतो हे खरं. पण ते व्यक्तिमत्त्व उसनं असतं, करार संपला की परत जातं.

पैशाच्या व्यवहारावर थोडक्यात पण स्पष्ट बोललं पाहिजे. पेटीत काय निघेल हे न सांगता पेटी विकणं, म्हणजे लूट बॉक्स, हा या धंद्यावरचा डाग आहे. चीननं २०१७ मध्ये कंपन्यांना पेटीतल्या वस्तूंच्या शक्यता जाहीर करायला लावल्या. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीनं दोन कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकण्याचं मान्य केलं. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्स आणि साध्या ऑनलाइन खेळांना वेगळं ठेवलं. कपड्यांची पेटी या कायद्याचा मुख्य विषय नव्हे. म्हणून स्टुडिओची जबाबदारी वाढते. चपलेच्या दुकानात गिऱ्हाईक बघून, घालून, घासाघीस करून चप्पल घेतं. बंद खोका घ्या, आत कापशी निघेल नाहीतर रबरी स्लीपर, असं कुणी म्हटलं तर दुकान दुसऱ्या दिवशी बंद पडेल. २०१९ मध्ये इंग्लंडच्या बाल-आयुक्तांच्या अहवालात मुलांनी सांगितलं होतं, की ‘फोर्टनाइट’मध्ये फुकटचा मूळ पोशाख घालणाऱ्याला इतर मुलं चिडवतात. तेव्हा फुकट मिळणारा पहिला वेशही देखणा असावा. धोतर, मुंडासं आणि पायात साधं पायताण घातलेलं पात्र कुणाला गरीब वाटू नये, एवढं कसब कलाकाराकडं असायलाच हवं.

आणि ज्यांच्या घरचं हे रूप आहे त्यांचं काय? जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या प्रदर्शनात अंगठ्याच्या चपला झळकल्या; कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. इथं संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिल्यावर प्राडानं भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम व कर्नाटकाच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला : दोन हजार जोड, सुमारे आठशे युरो किंमत. या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क. मात्र ते मानांकन पायात घालायच्या वस्तूचं आणि तिच्या नावाचं आहे. पडद्यावरच्या पिक्सेलच्या चपलेसाठी कारागीर त्याच्या जोरावर दाद मागू जाईल तर वाट बिकट आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, ती याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नसल्यामुळं. म्हणजे जे काही व्हायचं ते कराराच्या कागदावर, आधीच.

त्या कागदावर काय असावं याचा नमुना आपल्याकडं आहे. लिडकॉमनं चपलांवर क्यूआर कोड आणला. स्कॅन केलं की कुणी बनवली, कुठं बनवली हे दिसतं. गेममध्ये तर हे त्याहून सोपं. वस्तूवर बोट ठेवलं की कारागिराचं किंवा बचत गटाचं नाव, गाव, घडणीचा प्रकार यावा. दर विक्रीतला ठरलेला वाटा महामंडळामार्फत त्यांच्याकडं जावा. कोल्हापूरच्या सुभाषनगरात एक जोड पुरा करायला कितीतरी तास लागतात. पडद्यावर त्याच जोडाच्या लाखभर प्रती एका कळीवर निघतात. जिथं प्रती फुकट निघतात तिथं मूळ घडवणाऱ्याला वाटा द्यायला कंपनीला जड जाऊ नये.

काही गोष्टी दुकानात ठेवूच नयेत. शिवछत्रपतींचा जिरेटोप ही त्यातली पहिली. तो डोक्यावर घालून कुणी तळ्याकाठी नाचणारा इमोट, म्हणजे पात्राचा हावभाव, केला तर जे वादळ उठेल ते रास्तच असेल. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधली जाते. ती रूपं बघून कलाकाराला रंगसंगती सुचावी, पण ती पूजा पोशाख म्हणून विकायला येऊ नये. ‘स्माइट’ या ऑनलाइन गेममध्ये कालीच्या चित्रणावरून २०१२ मध्ये आक्षेप निघाले होते. २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’मध्ये पात्रं मूर्तीपुढं वाकायची ती हालचाल मुस्लिम खेळाडूंच्या नाराजीनंतर काढावी लागली. आधी विचारलं असतं तर दोन्ही टळलं असतं. इथं विचारायला माणसं हाताशी आहेत, आणि कोल्हापूरकर मत द्यायला कधी मागं राहत नाही.

शेवटची काळजी टिकण्याची. २ सप्टेंबर २०२० ला ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली तेव्हा खाऊचे पैसे साठवून पोशाख घेतलेली मुलं उघडी पडली. पुढच्या वर्षी ‘बीजीएमआय’ आला आणि जुनं खातं हलवायची सोय मिळाली, म्हणून पुष्कळांचं निभावलं. ‘फ्री फायर’वाल्यांच्या वाट्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये तेच आलं. ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद झाल्यावर तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याला सांगावं लागतं, की तुम्ही वस्तू घेत नसून वापराचा परवाना घेताय. कोल्हापुरी पेहराव आणणाऱ्यानं हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी मराठीत सांगावं. त्याहून महत्त्वाचं, वस्तादांच्या अंगावर सेन्सर लावून टिपलेल्या पट्ट्याच्या हालचाली, कारागिराच्या हाताखाली वेणी कशी विणली जाते याचं चित्रीकरण, वेगवेगळ्या घडणींची त्रिमितीय मापं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर बंदिस्त राहू नये. त्याची एक प्रत आखाड्याकडं, एक महामंडळाकडं आणि एक शिवाजी विद्यापीठाकडं, कुणालाही पाहता येईल अशा स्वरूपात, पहिली वस्तू विक्रीला लागायच्या आधी पोचती व्हावी, ही अट करारात पहिल्याच पानावर यायला हवी.